इंडेम्निटी इन्शुरन्स : आधीच्या मालकाने तोडफोड केलेलं घर घेताना ही पॉलिसी नेमकं काय कव्हर करते (माझ्याकडून 5 पैकी 3)

इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्या आपल्या लोकांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. कुठल्या एका कंपनीचा नाही, इंडेम्निटी इन्शुरन्स या प्रॉडक्टचाच आहे, म्हणजे जुन्या कामाचे कागद नसल्यामुळे पुढे कारवाई झाली तर नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा, कारण चार कंपन्यांच्या पॉलिस्या शेजारी ठेवून वाचल्या तर मजकूर जवळजवळ सारखाच निघतो. होतं असं की घर पसंत पडतं, ऑफर मान्य होते, लोन मंजूर होतं, आणि सगळं मार्गी लागलं म्हणेपर्यंत सॉलिसिटरचा ईमेल येतो की मागच्या मालकाने जे काम करून घेतलंय त्याचं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं सर्टिफिकेट मिळत नाहीये, सेलर इंडेम्निटी पॉलिसी काढून द्यायला तयार आहे, पुढे जायचं का ते कळवा. तोवर सगळेच टेकीला आलेले असतात, मॉर्गेजच्या ऑफरची मुदत डोक्यावर असते, भाड्याच्या घराची नोटीस दिलेली असते, त्यामुळे बहुतेक जण एका ओळीत "ओके" लिहून मोकळे होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की तो ओके लिहायच्या आधी दोन दिवस थांबा आणि पॉलिसी वाचा. ही पॉलिसी वाईट नाही, पण लोकांना ती ज्यासाठी आहे असं वाटतं त्यासाठी ती नाहीच्चे.

आम्ही घेतलेलं घर उत्तर-पश्चिम लंडनमधलं, 1930 च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला चिकटलेलं), त्या भागात रांगेने उभी आहेत तसलंच. आधीचे मालक बरीच वर्षं तिथे राहिलेले, माणसं सज्जन, घर स्वच्छ ठेवलेलं, पण मधल्या काळात बरंच काही करून घेतलेलं. किचन आणि डायनिंगमधली भिंत काढून एक मोठी खोली केलेली. मागच्या बाजूच्या चिमणीचा खोलीत पुढे आलेला जो विटांचा भाग असतो, इथे त्याला चिमनी ब्रेस्ट म्हणतात, तो तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर दोन्हीकडे काढून टाकलेला, पण छपरावरची चिमणी तशीच उभी. लॉफ्टला फळ्या ठोकून, छपरात खिडकी बसवून वर जायला कायमचा जिना केलेला. सगळ्या खिडक्या बदललेल्या, बॉयलर बदललेला. आणि कागद म्हणाल तर बॉयलरचा सोडून एकाही कामाचा नाही.

सेलरने भरायचा एक टीए6 नावाचा फॉर्म असतो, त्यात घरात काय काय बदल केले, कधी केले, परवानग्या आहेत का हे त्याने लिहायचं असतं. आमच्या सेलरने सगळं खरंखरं लिहिलं होतं आणि कागदांच्या पुढे "सापडत नाहीत" असं. लोकल ॲथॉरिटीचा जो सर्च सॉलिसिटर करतो त्यातही काही आलं नाही, म्हणजे काउन्सिलकडे, इथल्या पालिकेकडे, या कामांची नोंदच नाही. घोडं तिथे अडलं.

इथे एक घोळ आधी सोडवून टाकते कारण तो मला फार जणांच्या बोलण्यात दिसतो. प्लॅनिंग परमिशन वेगळी आणि बिल्डिंग रेग्युलेशन्स वेगळे. प्लॅनिंग म्हणजे बाहेरून घर कसं दिसणार, किती वाढणार, शेजाऱ्याला त्रास होणार का वगैरे. बिल्डिंग रेग्युलेशन्स म्हणजे काम मजबूत आहे का, आग लागली तर बाहेर पडता येईल का, वायरिंग, इन्सुलेशन, ड्रेनेज. लॉफ्टला खूपदा प्लॅनिंग परमिशन लागतच नाही, सेमी-डिटॅच्ड घराला 50 घनमीटरपर्यंत आणि टेरेस्ड म्हणजे रांगेतल्या घराला 40 घनमीटरपर्यंत छपराची जागा वाढवायला इंग्लंडमध्ये सरसकट मुभा आहे, अर्थात अटी पाळून. म्हणून एजंट छातीठोक सांगतो "परमिशनची गरजच नव्हती", आणि ते प्लॅनिंगपुरतं खरंही असतं, पण लॉफ्टची राहण्याची खोली केली की बिल्डिंग रेग्युलेशन्स लागतातच लागतात. आपल्याकडे पुण्या-मुंबईत बिल्डिंगला ओसी आहे का हे विचारायची सवय असते, इथेही तसंच विचारायचं, फक्त इथे ते संपूर्ण इमारतीचं नाही तर एकेका कामाचं सुटं सर्टिफिकेट असतं.

आता पॉलिसी. एकदाच प्रीमियम भरायचा, दरवर्षी रिन्यू करायची भानगड नाही, मुदत बहुतेक वेळा कायमची. घर विकलं तर पुढच्या मालकाला आपोआप लागू होते, आणि मॉर्गेज देणाऱ्या बँकेलाही कव्हर असतं, खरं तर बँकेसाठीच ही बऱ्याचदा काढली जाते. कामाचा प्रकार आणि घराची किंमत यावर प्रीमियम ठरतो, साधं काम असेल तर काही दहा-वीस पौंडांपासून सुरू आणि मोठं काम, महाग घर असेल तर काहीशे पौंड. त्यावर 12 टक्के इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स. आमच्या वेळी भिंतीची आणि खिडक्यांची मिळून दीडशे पौंडांच्या आत झाली आणि सेलरने भरली. रीत अशी काही ठरलेली नाही पण ज्याचे कागद नाहीत त्याने भरावी असं म्हणून बघायचं, घर विकायची त्यालाही घाई असते.

कव्हर काय होतं? उद्या काउन्सिलने या विनापरवाना कामाबद्दल तुमच्यावर कारवाई केली तर तुमचं जे आर्थिक नुकसान होईल ते. म्हणजे वकिलाचा आणि कोर्टाचा खर्च, नोटिशीप्रमाणे काम पाडायला, बदलायला किंवा पूर्ववत करायला लागलेला खर्च, आणि त्या कारवाईमुळे घराची किंमत उतरली तर तो फरक, हे सगळं पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत, जी साधारण तुमच्या खरेदीच्या किमतीएवढी ठेवतात. वाचायला छान वाटतं, आणि आहेही. फक्त प्रत्येक वाक्याची सुरुवात "काउन्सिलने कारवाई केली तर" अशी आहे ते लक्षात घ्या. काउन्सिलने काही केलंच नाही आणि लॉफ्टची जमीन मधोमध खचली, तर पॉलिसीतून भोपळा. भिंत काढताना वर बीमच टाकला नव्हता असं नंतर कळलं, भोपळा. वायरिंग जळलं, भोपळा. तुम्हाला स्वतःहून वाटलं की हे नीट करून घेऊ आणि सर्टिफिकेट काढू, तो खर्चही तुमचाच. काम सुरक्षित आहे की नाही हे इन्शुरन्स कंपनी बघतही नाही, कोणी इंजिनिअर पाठवत नाही, चार प्रश्नांची उत्तरं घेऊन पॉलिसी देते, म्हणून तर ती एवढी स्वस्त आणि एका दिवसात हातात येते.

आणि काउन्सिल खरोखर कारवाई करतं का? जुन्या घरगुती कामांवर फार क्वचित, हे माझ्या सॉलिसिटरनेही सांगितलं आणि प्रीमियम बघूनही कळतं. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असायला हवं, कारण मधे तो बदललाय आणि अजून जुनीच माहिती फिरतेय. बिल्डिंग ॲक्ट 1984 च्या सेक्शन 36 खाली काउन्सिल घराच्या मालकाला नोटीस देऊ शकतं की हे काम पाडा किंवा नियमात बसवा, 28 दिवसांत केलं नाही तर काउन्सिल स्वतः करून बिल पाठवू शकतं. मालकाला म्हणजे आजच्या मालकाला, ज्याने काम केलं तो कधीच घर विकून गेलेला असतो. पूर्वी ही नोटीस काम संपल्यापासून 12 महिन्यांतच देता यायची, त्यामुळे "वर्ष उलटलं, आता काही होत नाही" असं सगळे म्हणायचे. बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट 2022 आला आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून इंग्लंडमध्ये ही मुदत 10 वर्षं झाली. शिवाय काम धोकादायक असेल तर काउन्सिल कोर्टातून मनाई हुकूम मागू शकतं आणि त्याला मुदतच नाही, 2000 सालच्या कॉटिंगहॅमच्या केसमध्ये हाच मुद्दा निघाला होता आणि घेणाऱ्याच्या सॉलिसिटरने बिल्डिंग रेग्युलेशन्सचे कागद मागायला हवे होते असं कोर्टाने म्हटलं.

प्लॅनिंगचंही तसंच झालंय. बांधकामाला आधी चार वर्षांचा नियम होता, म्हणजे चार वर्षं कोणी हरकत घेतली नाही तर काम कारवाईतून सुटलं. 25 एप्रिल 2024 पासून इंग्लंडमध्ये सगळ्यालाच 10 वर्षं झाली, त्या तारखेच्या आधी जवळजवळ पूर्ण झालेल्या बांधकामाला मात्र जुनी चार वर्षंच लागतात. त्यामुळे सेलरला नुसतं "कधी केलं" विचारू नका, तारखेचा पुरावा मागा, बिल, बिल्डरचा ईमेल, जुने फोटो, काहीही चालेल. लिस्टेड बिल्डिंग, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीतली इमारत असेल तर हा रिव्ह्यू सोडून थेट त्यातला जाणकार सॉलिसिटर गाठा, तिथे परवानगीशिवाय केलेला बदल हा गुन्हा धरतात, कारवाईला मुदत नाही आणि साध्या इंडेम्निटी पॉलिस्या लिस्टेड घरांना बहुतेक लागूच होत नाहीत.

आता या प्रॉडक्टमधली सगळ्यात महत्त्वाची अट. पॉलिसी घ्यायच्या आधी किंवा नंतर कोणीही त्या कामाबद्दल काउन्सिलशी संपर्क केलेला चालत नाही. कोणीही म्हणजे तुम्ही, सेलर, एजंट, सर्व्हेयर, तुमचा हौशी मेहुणा, कोणीही. सॉलिसिटरचा नेहमीचा सर्च चालतो, काउन्सिलच्या वेबसाइटवर प्लॅनिंगच्या जुन्या नोंदी बघितल्या तरी काही होत नाही, पण बिल्डिंग कंट्रोलला (बिल्डिंग रेग्युलेशन्स बघणाऱ्या काउन्सिलच्या विभागाला) फोन करून "अमुक पत्त्यावरच्या लॉफ्टचं सर्टिफिकेट आहे का हो" असं विचारलं की संपलं, त्या कामाची पॉलिसी मिळणं अवघड होऊन बसतं, असलेली असेल तर रद्द होऊ शकते. आपली माणसं कष्टाळू, शहानिशा करायची सवय असते, आणि नेमकी तीच इथे आडवी येते. म्हणून पहिला फोन सॉलिसिटरला, काउन्सिलला नाही, आणि सर्व्हेयरलाही ऑर्डर देतानाच लेखी सांगून ठेवायचं की काउन्सिलशी बोलू नका. पॉलिसी आहे हेसुद्धा गावभर सांगायचं नसतं, बँक, पुढचा घेणारा आणि त्यांचे वकील एवढ्यांनाच सांगता येतं.

मला ही अट मुळात पटत नाही हे स्पष्ट लिहिते. इन्शुरन्सच्या धंद्याच्या बाजूने तिचा अर्थ कळतो, झोपलेल्या काउन्सिलला आपण जागं करून वर नुकसानभरपाई मागायची हे चालणार नाही. पण परिणाम काय होतो की घर घेणारा माणूस, ज्याला तिथे मुलंबाळं घेऊन राहायचंय, तो काम सुरक्षित आहे का हे विचारायच्या सगळ्यात सरळ दारापासून लांब ठेवला जातो. दोन रस्ते आहेत आणि एक धरला की दुसरा बंद होतो, आणि हे कोणी समजावून सांगत नाही. सॉलिसिटरच्या ईमेलमध्ये ही अट होती खरी, पण अटॅचमेंटच्या तिसऱ्या पानावर.

आमच्या बाबतीत डोळे उघडले ते सासऱ्यांमुळे. बाबा सांगलीला असतात, सगळी नोकरी पीडब्ल्यूडीत गेलेली. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना कौतुकाने घर दाखवत होते, खोल्या किती मोठ्या आहेत बघा म्हणून, तर त्यांनी मधेच थांबवलं. "अगं, बाहेरनं चिमणी दाखवलीस, आत दोन्ही मजल्यावर चिमणी न्हाई. मग वरचं वजन कुठं उतरवलंय?" मी म्हटलं बाबा, त्याची पॉलिसी मिळतेय. ते म्हणाले, "पॉलिसीचं ऱ्हाऊ दे, वजन कुठं उतरवलंय ते बघा आधी."

तर आम्ही बघितलं. घराचा लेव्हल 3 म्हणजे सगळ्यात सखोल सर्व्हे केलेला होताच, त्यातही सर्व्हेयरने चिमणीचा आधार दिसत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा असं लिहिलं होतं, पण तसं ते सत्तर पानांत बऱ्याच गोष्टींबद्दल लिहिलेलं असतं. सेलरची परवानगी काढून इंजिनिअर आणला. तो लॉफ्टच्या कडेला फळ्या संपतात तिथून गुडघ्यांवर आत सरकला, ग्लासवूलचा थर बाजूला केला आणि टॉर्च मारून मला बोलावलं. विटांचा तो सगळा थर, छपरातून वर जाणाऱ्या चिमणीसकट, दोन आडव्या लाकडांवर आणि भिंतीत ठोकलेल्या लोखंडी त्रिकोणी ब्रॅकेटवर उभा होता. एका ब्रॅकेटचा बोल्ट बोटाने हलत होता. खालच्या ओळीतल्या विटांमधला चुना भुगा होऊन लाकडावर पडलेला, आणि त्याच्या बरोबर खाली मागच्या बेडरूमच्या छताला एक बारीक तडा, ज्याच्यावर नवीन रंग मारलेला होता. त्या बेडरूममध्ये आमच्या मुलीचा पलंग येणार होता. इंजिनिअर शांतपणे म्हणाला की लगेच पडेल असं नाही, पण याला स्टीलचा बीम लागेल.

या परिस्थितीत इंडेम्निटी पॉलिसीने काय दिलं असतं? काउन्सिलने नोटीस पाठवली असती तर बीमचे पैसे. नोटीस आली नसती आणि चिमणी खाली आली असती तर काही नाही. आणि मुळात हे डोळ्यांनी बघितल्यावर, रिपोर्ट हातात असताना, पॉलिसीच्या फॉर्मवर "कुठलाही दोष माहीत नाही" अशी सही करणं हे खोटंच झालं असतं, ग्राहकांच्या विम्याबद्दलच्या 2012 च्या कायद्याप्रमाणे इन्शुरन्स घेताना विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं देण्याची काळजी ग्राहकाने घ्यायची असते आणि ती घेतली नाही तर कंपनी क्लेम नाकारू शकते. म्हणून चिमणीची पॉलिसी आम्ही घेतलीच नाही. इंजिनिअरचा रिपोर्ट आणि बिल्डरचं कोटेशन सेलरपुढे ठेवलं आणि तेवढी किंमत कमी करून मागितली. एजंटने थोडी कुरकुर केली, प्रत्येक घरात असंच असतं, पॉलिसी घ्या आणि संपवा, पण रिपोर्टमधले फोटो बघून सेलर स्वतःच तयार झाले.

किचनच्या भिंतीचं उलट निघालं. तिथे सिलिंगमध्ये जुने डाउनलाइट होते, इंजिनिअरने त्यातला एक खाली ओढला, भोकातून छोटा कॅमेरा आत घातला, तर व्यवस्थित स्टीलचा बीम, दोन्ही टोकांना काँक्रीटच्या पॅडस्टोनवर बसलेला, पुरेसा आत गेलेला. काम चोख, फक्त कोणी काउन्सिलला कळवलं नव्हतं. अशा कामाला ही पॉलिसी एक नंबर आहे. काम नीट आहे हे तुम्हाला माहीत आहे, राहिलेला धोका फक्त कागदाचा आहे, आणि कागदाच्या धोक्यासाठीच हे प्रॉडक्ट बनलंय.

एक प्रश्न मधे उभा राहिला तो तुम्हालाही येऊ शकतो. चिमणीचा बीम टाकायचा म्हणजे बिल्डिंग कंट्रोलला कळवणं आलं, मग इन्स्पेक्टर घरी येणार, मग किचनच्या भिंतीच्या पॉलिसीचं काय? सॉलिसिटरला सांगून इन्शुरन्स कंपनीकडून आधीच लेखी उत्तर घेतलं. त्यांनी सांगितलं की वेगळ्या कामासाठी संपर्क केला तर चालेल, ज्या कामाचा विमा आहे त्याचा विषय आम्ही काढायचा नाही. हे उत्तर प्रत्येक कंपनी असंच देईल असं धरून चालू नका, पॉलिसी घ्यायच्या आधी विचारा आणि ईमेलवरच विचारा. पुढे एक्स्टेन्शन वगैरे करायचा विचार असेल तर हे फारच महत्त्वाचं आहे कारण नवीन कामाच्या निमित्ताने इन्स्पेक्टर त्या जुन्या कामाच्या मधोमध येऊन उभा राहणार असतो.

ताबा मिळाल्यावर चिमणीचं काम आधी केलं. चिमणी शेजारच्या घराबरोबर सामाईक भिंतीवर होती म्हणून पार्टी वॉल ॲक्ट 1996 प्रमाणे शेजाऱ्यांना दोन महिने आधी नोटीस द्यावी लागली, त्यांनी लगेच संमती दिली. बीम बसला, इन्स्पेक्टरने टोकं उघडी असतानाच येऊन बघितली, आणि कम्प्लीशन सर्टिफिकेट आलं. ते सर्टिफिकेट मला त्या दोन पॉलिस्यांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

ज्यांना जुन्या कामाचंच सर्टिफिकेट काढायचंय त्यांच्यासाठी रेग्युलरायझेशन नावाचा रस्ता आहे. 11 नोव्हेंबर 1985 किंवा त्यानंतर झालेल्या कामाला काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे अर्ज करता येतो, ते घर बघतात, काही ठिकाणी प्लास्टर उघडायला लावतात, कमी असेल ते करून घ्यायला सांगतात आणि मग सर्टिफिकेट देतात. फी नेहमीच्या अर्जापेक्षा जास्त असते आणि वेळ लागतो. आणि एकदा अर्ज केला की पॉलिसीचा रस्ता बंद, हे वर सांगितलंच. राहत्या खोल्यांमधलं मोठं काम असेल आणि सेलरला वेळ असेल तर मी त्यालाच विकायच्या आधी हे करायला सांगेन, त्याच्या खर्चाने.

लॉफ्टबद्दल वेगळं लिहायला हवं कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. जाहिरातीत "तीन बेडरूम आणि लॉफ्ट रूम" असं असतं, फोटोत तिथे डबल बेड, टेबल लॅम्प, सगळं सजवलेलं. "लॉफ्ट रूम" असं लिहिलंय म्हणजे बहुतेक वेळा कागद नाहीत असंच समजा. 1930 च्या घरांची लॉफ्टखालची लाकडं ही खोलीचं छत धरून ठेवायला घातलेली असतात, माणसं, पलंग, कपाटं पेलायला नाही. त्यात आगीचा विषय सगळ्यात मोठा. दुमजली घराला तिसरा मजला झाला की वरून खाली दारापर्यंत सुरक्षित जिना हवा, जिन्याकडे उघडणारी दारं आग अडवणारी हवीत, मेनवर चालणारे एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म हवेत. आमच्या घरात यातलं काहीही नव्हतं, जिना इतका उभा की उतरताना पाठमोरं उतरावं लागायचं. अशा लॉफ्टवर पॉलिसी मिळाली असती, पण मला तिथे पाहुणे झोपवायचे नव्हते. आम्ही सरळ सांगितलं की हे तीन बेडरूमचं घर आहे आणि वर सामानाची जागा आहे, ऑफर त्या हिशोबाने. आज तिथे गणपतीच्या सजावटीचं सामान आणि बॅगा आहेत, आणि घराच्या बिल्डिंग्ज इन्शुरन्सवाल्यांनाही तसंच कळवलंय. हो, तेही सांगायचं असतं, इंडेम्निटी आहे म्हणून नेहमीचा घराचा विमा काही गप्प बसत नाही.

खिडक्यांचं काम मात्र सोपं. 1 एप्रिल 2002 पासून बदललेल्या खिडक्यांना फेन्सासारख्या, खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या स्कीमचं सर्टिफिकेट किंवा काउन्सिलचं सर्टिफिकेट लागतं. पॉलिसी काढायच्या आधी फेन्साच्या साइटवर पत्ता टाकून बघा, बसवणारा रजिस्टर्ड असेल तर थोडी फी भरून डुप्लिकेट मिळतं. बॉयलरचंही गॅस सेफकडून (गॅसचं काम करणाऱ्यांची नोंदणी ठेवणारी संस्था) तसंच मिळतं, आमचं तसंच निघालं. इलेक्ट्रिकचं काम केलेलं असेल तर पॉलिसीच्या नादी न लागता इलेक्ट्रिशियनकडून ईआयसीआर म्हणजे वायरिंगची तपासणी आणि तिचा रिपोर्ट करून घ्या, तुम्हाला वायरिंगची तब्येत कळते आणि ते जास्त कामाचं. आमच्या खिडक्या कोणी बसवल्या ते सेलरला आठवतही नव्हतं, बिल नव्हतं, मग पॉलिसी घेतली. खिडकीसाठी काउन्सिल नोटीस पाठवेल याची मला अजिबात धास्ती नव्हती, बँकेच्या समाधानासाठी घेतली म्हणा ना.

अजून दोन-तीन प्रकार असतात ते थोडक्यात. जुन्या डीडमध्ये "मूळ बिल्डरच्या संमतीशिवाय बदल करायचा नाही" अशी अट असते आणि ती बिल्डर कंपनी कधीच बंद पडलेली असते, तिथे रिस्ट्रिक्टिव्ह कव्हेनंटची पॉलिसी चांगली, पण त्यातही नियम तोच, ज्याच्या हातात ती अट आहे त्याच्याशी संपर्क करायचा नाही. लीजहोल्ड म्हणजे भाडेपट्ट्याचा फ्लॅट असेल आणि आतली भिंत फ्रीहोल्डरच्या (इमारतीच्या मूळ मालकाच्या) परवानगीशिवाय काढली असेल तर मी पॉलिसीवर भागवणार नाही, कारण फ्रीहोल्डर हा तुमच्या आयुष्यात कायम राहणारा माणूस आहे, त्याच्याकडून लेखी संमती सेलरनेच आणावी. स्कॉटलंडमध्ये तर पद्धतच वेगळी, तिथे बिल्डिंग वॉरंट आणि कम्प्लीशन सर्टिफिकेट असतं, हा रिव्ह्यू तिथे लावू नका.

सेलर म्हणाला की आमच्याकडे घर घेतानाची जुनी पॉलिसी आहे, ती चालेल, तर चालतेही, पण रक्कम बघा. तेव्हाच्या किमतीएवढी मर्यादा असते, घराची किंमत तोवर दुप्पट झालेली, तुमच्या बँकेला ती पुरणार नाही, वाढवून घ्यावी लागते. तुम्ही नवी घेताना रक्कम पुढे महागाईप्रमाणे वाढते का तेही विचारा, काहींमध्ये वाढते. बहुतेक पॉलिस्यांना काम होऊन निदान वर्ष झालेलं लागतं, परवानगी मागून नाकारलेली असेल तर त्या साध्या पॉलिस्या चालत नाहीत. आणि खरंच कधी नोटीस आली तर काउन्सिलला उत्तर द्यायच्या आधी इन्शुरन्स कंपनीला कळवायचं, त्यांना न विचारता काही कबूल केलं, काही काम सुरू केलं तर क्लेम अडकतो. क्लेम नाकारला आणि पटलं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

तर 5 पैकी 3 असं. दोन गुण किमतीचे आणि आयुष्यभर पुरण्याचे, एक गुण हा की काम चांगलं असताना निव्वळ कागदासाठी व्यवहार मोडत नाही. दोन गुण कापले ते विकण्याच्या पद्धतीचे. एजंट आणि कधी कधी सॉलिसिटरही ती अशी पुढे करतात की जणू तिने घराचा प्रश्न सुटला, आणि इंजिनिअरचे काहीशे पौंड वाचले असं घेणाऱ्याला वाटतं. भार पेलणारी भिंत, चिमणी, लॉफ्ट यातलं काही असेल तर आधी इंजिनिअर, त्याचा रिपोर्ट आल्यावर पॉलिसी की रेग्युलरायझेशन की किंमत कमी ते ठरवा, आणि हे सगळं एक्सचेंजच्या, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होण्याच्या आधी, कारण एक्सचेंज झालं की सेलर बांधील होतो तसे तुम्हीही होता आणि मग किंमतीवर बोलायला तोंड उरत नाही. पॉलिसीचा पूर्ण मसुदा, नुसता कोट नाही, एक्सचेंजच्या निदान आठवडाभर आधी सॉलिसिटरकडून मागून घ्या, आणि त्यात कुठलं काम लिहिलंय ते शब्दन्‌शब्द वाचा. आमच्या पहिल्या मसुद्यात "खिडक्या आणि अंतर्गत बदल" एवढंच होतं, ते परत पाठवून "किचन आणि डायनिंगमधली भार पेलणारी भिंत काढणे" असं स्पष्ट लिहून घेतलं, प्रीमियम थोडा वाढला पण मग ते काम कव्हरमध्ये आहे की नाही यावर वाद राहिला नाही.